पलंगाला जोडायची बाळाची कॉट: कुठली घ्यावी, आणि घ्यावी का?

गोदाकाठची | १४ ऑक्टोबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे, पहिलंच बाळंतपण. आम्ही गंगापूर रोडला राहतो. पलंगाला लागून ठेवतात, एका बाजूची जाळी खाली करता येते, तसली कॉट घ्यायचं डोक्यात आहे. डॉक्टरांनी सिझरची शक्यता बोलून दाखवलीय. टाके असताना रात्री चार वेळा उठून, वाकून बाळ उचलायचं ह्या विचारानेच पोटात गोळा येतो.

नवरा म्हणतो, सहा महिन्यांसाठी चौदा हजार? सासूबाई म्हणतात, माळ्यावरचा सागवानी पाळणा काढू, त्यात ह्याचे बाबाही झोपलेत. आई म्हणते, बाळ आईच्या कुशीतच हवं, कॉट कसली घेऊन बसलीस. मला कुणी विचारलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

ऑनलाइन तीन कॉट बघून ठेवल्यात. एक झुलते, एक घडी होऊन बॅगेत जाते, एक नुसतीच दिसायला गोड आहे. कुणी वापरलीय का? नाशकात हात लावून बघायला कुठे मिळेल?

तर्री_कमी | १४ ऑक्टोबर, रात्री ११:२०

कॉलेज रोडला लहान मुलांच्या सामानाची मोठी दुकानं आहेत, तिथे एखादी मांडलेली असते. पण आधी फोन कर. आम्ही गेलो तेव्हा "सँपल पीस नाही, फोटो दाखवतो" म्हणाला. फोटो तर घरीही दिसत होते की.

सिडकोतला_दादा | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

ताई, आमची फजिती वाचा आणि मग पैसे भरा.

आमची बेडरूम दहा बाय दहा. त्यात पलंग आणि लोखंडी कपाट. मी टेपने जागा मोजली, कॉटची लांबी-रुंदी बघितली, कपाटाचं दार उघडतंय ना तेही बघितलं. स्वतःच्याच हुशारीवर खूश होतो. कॉट आली, दोन तास बसून जोडली, पलंगाकडे सरकवली आणि वीतभर अलीकडेच अडली.

झालं होतं असं, की आमचा पलंग स्टोरेजचा. खालून सगळी बंद पेटी, आत गाद्या, सतरंज्या आणि बायकोचे लग्नातले शालू. ह्या कॉटचे पाय काटकोनात वळलेले असतात, आडवा भाग पलंगाखाली शिरतो तेव्हाच कॉट गादीला टेकते. आमच्याकडे पाय शिरणार कुठे? पाय पेटीला टेकले आणि मधे ही फट. बाळ सोडा, माझी उशी पडली त्यातून.

परत करायला गेलो तर जोडलेला माल घेत नाही म्हणे. ती कॉट वर्षभर गॅलरीत होती, बायको त्यात कांदे ठेवायची. कंपनीचं नाव घेत नाही. पलंग मोजला नाही ही चूक माझीच.

गोदाकाठची | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

अरे देवा. आमचाही स्टोरेजचाच आहे! हायड्रॉलिकवाला. हे डोक्यातच आलं नव्हतं.

रंधा_पटाशी | १५ ऑक्टोबर, दुपारी २:१५

अंबडला माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. दादांनी सांगितलेली अडचण घेऊन वर्षाला दोन-चार जण तरी येतात. आपल्याकडचे पलंग आणि ह्या कॉट एकमेकांना न विचारता बनल्यात, हे खरं दुखणं.

तीन मापं घ्या. पहिलं, जमिनीपासून गादीच्या माथ्यापर्यंत, तेही पलंगाच्या कडेला बसून. गादी बसल्यावर किती दबते ते दुकानदार सांगत नाही. आमच्याकडे बनणारे पेटीचे पलंग गादीसकट चोवीस-पंचवीस इंचांवर जातात. कॉटची उंची पाच-सहा टप्प्यांत बदलता येते, पण सगळ्यात वरचा टप्पा तुमच्या गादीपर्यंत पोचतो का, ते माहितीपत्रकात बघा. दुसरं, पलंगाखाली किती मोकळी जागा आहे. तिसरं कुणीच घेत नाही. आपल्या पलंगांना गादी धरून ठेवायला लाकडी पट्टी असते, ती गादीच्या बाहेर इंच-दीड इंच येते. म्हणजे कॉट पलंगाला अगदी चिकटली तरी कॉट आणि गादी ह्यांच्यात तेवढी फट राहतेच. त्यात गोधडी किंवा उशी कोंबून भागवू नका. कोंबलेली वस्तू रात्रीत सरकते.

"तुम्हीच बनवून द्या" असं कुणी म्हटलं तर मी साधी, चारही बाजूंनी बंद कॉट बनवून देतो. उघडणारी बाजू नाही बनवत. सरकती बाजू हा सगळ्यात बेभरवशाचा भाग. एक खटका झिजला की बाजू तिरकी होते आणि बाळ त्या फटीत अडकतं. अमेरिकेत अशा खाली सरकणाऱ्या बाजूच्या कॉटच्या विक्रीवर २०११ पासून बंदी आहे. ती मोठ्या कॉटची गोष्ट, तुम्ही म्हणताय त्या पलंगाला जोडायच्या कॉटसाठी तिकडे वेगळं मानक आहे. पण जे काम कारखान्यात तपासून होतं, ते मी अंदाजाने करू नये इतकं मला कळतं.

शेवग्याची_शेंग | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:०२

मग जुना पाळणा काय वाईट? आमच्या घरात सात जण झोळीत आणि पाळण्यात वाढले, सातही धडधाकट आहेत. आता चौदा हजारांशिवाय मूल मोठंच होत नाही की काय?

नाइट_ड्युटी | १५ ऑक्टोबर, रात्री ११:४५

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात चौदा वर्षं काढलीत, म्हणून थोडं लांबण लावते.

शेवग्याची शेंग, सात जण वाढले ह्याचा आनंदच आहे. पण आपल्या आज्या-पणज्यांना "किती मुलं?" विचारलं की "आठ झाली, पाच राहिली" असं उत्तर यायचं ना? उरलेल्या तिघांचं कारण कुणी लिहून ठेवलं नाही. झोळीत मला खटकतं ते बाळाचं अंग वाकतं ते. तान्ह्या बाळाचं डोकं जड, मान कच्ची. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते, आणि बाळ ओरडतही नाही. समोर बसून अर्धा तास झोका द्यायचा तर द्या. रात्रभर त्यात ठेवून आपण झोपायचं, हे मात्र नको. तिरक्या झोपाळ्यांचंही तेच. २०१९ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला तसले ४७ लाख झोपाळे परत बोलवावे लागले, बाळं दगावली होती म्हणून.

कॉट महाग असो की स्वस्त, आत जागा सपाट हवी आणि गादी कडक. हाताने दाबून सोडल्यावर खड्डा राहता कामा नये. गादी आणि काठ ह्यांच्यात दोन बोटं शिरली तर ती गादी त्या कॉटची नाही. आत बाळाशिवाय काही नको. मोहरीची उशी नको, लोड नको, कडेने लावायच्या फुलाफुलांच्या गाद्या नकोत, टेडी तर नकोच. बाळाला झोपवायचं ते पाठीवर, दुपारच्या डुलकीलासुद्धा. अमेरिकेत १९९४ मध्ये पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. इतक्या साध्या गोष्टीने इतका फरक पडलेला मी तरी दुसरा पाहिला नाही. डोकं चपटं होईल ही भीती असेल तर बाळ जागं असताना, आपण समोर बसून, थोडा वेळ पोटावर ठेवायचं.

आई म्हणते कुशीत हवं, ते अर्धं बरोबर आहे. बाळ आईच्याच खोलीत हवं, निदान पहिले सहा महिने. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनांतही हेच आहे: खोली एक, अंथरूण वेगळं. म्हणजे हाताच्या अंतरावर, पण आपल्या पांघरुणाखाली नाही. पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून मुळीच पाजू नका. त्यापेक्षा पलंग बरा, उशा-ब्लँकेट बाजूला करून. जाग आली की बाळ त्याच्या जागी.

ड्युटी सुरू झाली, उरलेलं नंतर.

तर्री_कमी | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मोहरीच्या उशीबद्दल आईला वाचून दाखवलं. दोन दिवस बोलणार नाही बहुतेक. दोन भाच्यांसाठी तिने स्वतः शिवल्या होत्या.

फुलवात | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

आम्ही पलंगाला जोडायची कॉट पाच महिने वापरली, टाके होते तेव्हा देवासारखी वाटली. झोपल्या झोपल्या हात टाकला की पोटावर हात, श्वास चालू आहे की नाही ते कळायचं. (हे पहिल्या महिन्यात मी रात्रीतून वीसदा करायचे. नवऱ्यालाही दोनदा तपासला.)

पण एक सांगते, जे मी सासरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कॉट पलंगाला दोन पट्ट्यांनी बांधतात. पट्टा गादीखालून पलंगाच्या पलीकडच्या कडेपर्यंत नेऊन ओढून घ्यायचा. पहिल्या दिवशी नवऱ्याने घट्ट बांधला, आम्ही विसरलो. महिनाभरात चादरी बदलताना, गादी उचलताना तो सैल होत गेला असणार. एका रात्री जाग आली ती बाळाच्या कुरकुरीने. हात घातला तर त्याचा एक पाय मांडीपर्यंत फटीत. मूठ जाईल एवढी फट. पाय काढला, बाळ परत झोपलं, मी सकाळपर्यंत बसून होते. त्या दिवसापासून रात्री दिवा मालवण्याआधी पट्टा ओढून बघायचा, हे कुलूप बघण्यासारखं झालं.

तुझ्या कॉटला पलंगाकडच्या बाजूलाही बुटका काठ आहे ना बघ. आमची जुनी, सेकंडहँड. तिला त्या बाजूला काहीच नव्हतं. नव्या युरोपियन मानकाच्या कॉटना तो असतो.

नाइट_ड्युटी | १६ ऑक्टोबर, दुपारी ४:४०

फुलवात, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. त्यात भर घालते: बाळ हात टेकून अंग उचलायला लागलं किंवा गुडघ्यांवर यायला लागलं, की ही कॉट संपली. वजनाची मर्यादा वेगळी, बहुतेकींवर नऊ किलो लिहिलेलं असतं. पण नऊ किलो व्हायच्या कितीतरी आधी बाळ अंग उचलायला लागतं. जे आधी होईल ते. म्हणजे चार-साडेचार ते सहा महिने धरून चाला.

दुधावरची_साय | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२५

मी दोन नातवंडांची आजी. इथे नुसतं वाचते, लिहीत नाही. पण तुमची मापं वाचून राहवलं नाही.

अगं मुली, पहिलं बाळंतपण ना? मग माहेरी जाणार असशील. तू माप कुठल्या पलंगाचं घेतेयस?

गोदाकाठची | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

...

आजी, साष्टांग दंडवत. मी आठवा संपला की पंचवटीत आईकडे जाणार आहे आणि बाळ तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत तिथेच. आणि मी दोन दिवस इथल्या हायड्रॉलिकच्या पेटीचं माप घेतेय!

सिडकोतला_दादा | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

🙏 चार जणांच्या दीडशे ओळी एकीकडे आणि आजींचा एक प्रश्न एकीकडे.

शेवग्याची_शेंग | १६ ऑक्टोबर, रात्री ८:१५

म्हणजे बाळ तिथून परत येईल तेव्हा कॉटचं आयुष्य संपत आलेलं असणार. मी म्हटलंच होतं चौदा हजार वाया.

रंधा_पटाशी | १६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

वाया कसे? टाके, रात्रीची जागरणं, तासातासाला पाजणं, हे सगळं त्या साडेतीन महिन्यांतच असतं. फक्त कॉट पंचवटीच्या पत्त्यावर मागवा. आईकडे पलंग कसला आहे?

गोदाकाठची | १८ ऑक्टोबर, रात्री १०:०५

काल जाऊन आले. टेप घेऊन. आईला वाटलं पडदे शिवायचे आहेत.

वाड्यातली आतली खोली मला दिलीय. तिथे आजोबांची लोखंडी खाट आहे, उंच पायांची, गोल नळ्यांची, हिरवा रंग अर्धा उडालेला. खाली एवढी जागा की आईने दोन ट्रंका, पितळी घंगाळ आणि गव्हाचा डबा ठेवलाय. ट्रंका काढल्या की कॉटचे पाय आरामात शिरतील. वर कापसाची गादी, ती बसून बसून दगड झालीय. जमिनीपासून गादीचा माथा एकवीस इंच. मी निवडलेल्यांपैकी घडीची कॉट तिथवर पोचते. आणि गंमत म्हणजे त्या खाटेला लाकडी पट्टी नाहीच, गादी नळीच्या वर येते. म्हणजे रंधादादांच्या तिसऱ्या मापातली फट नाही.

आता प्रश्न थंडीचा. वाड्याच्या भिंती डिसेंबर-जानेवारीत रात्री बर्फ होतात. आईने शेगडी आणि धुरीची तयारी ठेवलीय, शिवाय टोपडं, कुंची, दोन दुपटी आणि वर गोधडी. मी काय सांगू तिला?

नाइट_ड्युटी | १९ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

नाशिकची थंडी मला ठाऊक आहे. निफाडचा पारा पेपरात आला की आमच्या वॉर्डात हीटरची विचारणा सुरू होते.

कोळशाची शेगडी बंद खोलीत नाही म्हणजे नाही. दिसत नाही, वास येत नाही असा वायू तयार होतो आणि बाळालाच काय, बाळंतिणीचा जीव घ्यायलाही तो पुरतो. शेक घ्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी, तीही बाळापासून लांब, आणि कॉटमध्ये कधीच नाही. धुरीचा धूर बाळाच्या छातीला नको. आईला वेखंड-ओव्याचा वासच हवा असेल तर पुरचुंडी खोलीच्या दाराला बांधा, त्यांचंही मन राहील.

पांघरूण सुटं ठेवायचं नाही, तोंडावर येतं. अंगात थर वाढवा: झबलं, त्यावर लांब बाह्यांचं, पायमोजे, हवं तर झोपेची पिशवी शिवून घ्या. गळा आणि हात नीट बसणारे, पाय मोकळे हलतील अशी. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्यावर एक थर जास्त, एवढं धरा. बाळाची मान किंवा छाती हाताने बघा. घाम असेल तर जास्त झालं. हाताचे पंजे गार असतातच, त्यावरून ठरवू नका. टोपडं बाहेर जाताना हवं, पण घरात झोपताना काढा. तान्ही बाळं जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यातून सोडतात, आणि टोपडं घसरून नाकावरही येतं. बाळ कमी वजनाचं किंवा आधी जन्मलेलं असेल तर हे गणित वेगळं, तेव्हा तुमचे डॉक्टर सांगतील तेच.

कॉट खिडकीखाली किंवा बाहेरच्या भिंतीला लावू नका. पडद्याची दोरी हाताला येता कामा नये.

दुधावरची_साय | १९ ऑक्टोबर, सकाळी ११:००

झोपेची पिशवी जुन्या सुती साडीची शिव. चार-पाच वेळा धुतलेली साडी घे, खळ निघून जाते. नाड्या लावू नकोस, बटणं पाठीकडे नकोत. मी नातीला नऊवारीच्या पदराची शिवली होती, अजून आहे.

तर्री_कमी | १९ ऑक्टोबर, दुपारी १:३०

डास विसरू नका. पावसाळा गेला तरी डेंग्यूचे पेशंट चालूच असतात. कॉटवर ताणून बसणारी जाळी घ्या, लोंबणारी नको. अगरबत्ती-कॉइल तर अजिबातच नको.

गोदाकाठची | २ नोव्हेंबर, रात्री ९:१५

कॉट आली. चौदा नाही, साडेअकरात मिळाली, दिवाळीची सूट. भावाने जोडली. बोल्ट आठ, एक जास्तीचा दिलाय. पट्टे खाटेच्या नळीला थेट बांधता येतात, गादीखालून फिरवावे लागत नाहीत, त्यामुळे सैल झाले तर डोळ्यांना दिसतात. मी पाच किलोची तांदळाची पिशवी आत ठेवून, मी कुशीवर वळते तशी वळून, धक्के देऊन बघितलं. फट पडली नाही. आई दारातून बघत होती. "तांदळाला आंघोळ कधी घालणार?" म्हणाली.

सासूबाईंशीही तोडगा निघाला. पाळणा बारशाला काढायचा. फुलं लावायची, गाणी म्हणायची, नाव ठेवायचं आणि रात्री बाळ कॉटमध्ये. त्यांनी स्वतःच पाळण्याच्या गजांतून कोल्ड्रिंकचा कॅन घालून बघितला, मी रंधादादांकडून फोनवर शिकून घेतलेली युक्ती. गजांमध्ये सहा सेंटिमीटरच्या वर अंतर नको, कॅन जाता कामा नये. आरपार गेला. नंतर त्या बराच वेळ त्या पाळण्याकडेच बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

गोदाकाठची | ११ जानेवारी, पहाटे ४:५०

मुलगी झाली. सिझरच झालं. पस्तीस दिवसांची आहे.

एका हाताने लिहितेय. बाहेर इतकं गार आहे की खिडकीच्या काचेवर पाणी धरलंय. ती कॉटमध्ये, नऊवारी नसली तरी आईच्या जुन्या इरकलीच्या पिशवीत, दोन्ही हात डोक्याच्या वर टाकून, कुणी पिस्तूल रोखल्यासारखी झोपलीय. मला उठून बसावं लागत नाही. कुशीवर वळते, काठावरून हात घालून तिला ओढून घेते, पाजते, परत सरकवते. पहिल्या आठवड्यात टाके ओढायचे तेव्हा ह्या काठाला धरून उठायचे, त्यासाठी ती कॉट नाही हे माहीत असूनही. नाइट ड्युटी ताई, रागावू नका, आता सोडलंय.

आई रोज रात्री पट्टा ओढून बघते. मी सांगितलं नव्हतं. तिने धागा वाचलाय बहुतेक.

शेवग्याची_शेंग | ११ जानेवारी, सकाळी ९:१०

अभिनंदन! मुलीला आशीर्वाद.

एक विचारायचं होतं. आमच्या सुनेची जूनची तारीख आहे. मे महिन्यात तुमची कॉट रिकामी होईल का? पलंग मोजलाय. तिच्या माहेरचा, सिन्नरचा. बावीस इंच, खालून मोकळा.

गोदाकाठची | ११ जानेवारी, दुपारी ३:३५

होईल. बोल्ट मोजून देईन, नऊच्या नऊ. गादीचं कव्हर मात्र नवं घ्या, ह्याचं काय झालंय ते सांगण्यासारखं नाही.